वैराची मिरास

वंशपरंपरेने चालत आलेल्या वैराचे एक विलक्षण लक्षण असे की, ज्या कारणाने ते प्रथम उपजले ते कारण, त्या वैरापायी प्राण गमावणाऱ्यांपैकी बहुतेकांस ठाऊक नसते. सनद गहाळ झाली तर वतन धोक्यात येते, दस्तऐवज वाळवीने खाल्ला तर सावकाराचा दावा लंगडा पडतो. परंतु वैराचा मूळ कागद कोणी पाहिलेला नसला, त्याचे साक्षीदार केव्हाच मातीत गेलेले असले आणि तंटा नेमका कशावरून झाला हे सांगणारा एकही वृद्ध घरात उरलेला नसला, तरी वैराची मिरास मात्र बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे बिनतक्रार चालत राहते. आणि ती घेण्यास नकार देणारा वारस कुळास बट्टा लावणारा ठरतो. व्हेरोना नगरीतील माँटेग्यू व कॅप्युलेट ह्या दोन घराण्यांत कशावरून बिनसले, हे शेक्सपिअरने आपल्या 'रोमिओ आणि ज्यूलिएट' ह्या नाटकात कोठेही सांगितलेले नाही. एखाद्या वाचकास हा नाटककाराचा निष्काळजीपणा वाटेल. माझ्या मते त्या नाटकातील ही सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. कारण सांगितले असते, तर प्रेक्षक तत्काळ न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसला असता, कोणाची बाजू न्यायाची आणि कोणाची अन्यायाची ह्याचा निवाडा करू लागला असता, आणि त्या निवाड्याच्या भरात दोन कोवळ्या जिवांचे मरण हे पराभूत पक्षाने भरावयाच्या दंडासारखे त्यास भासले असते. कारण गाळल्यामुळे उरते ते निखळ वैर.

प्रस्तुत ग्रंथात ह्या कथेची चार रूपे एकत्र आणली आहेत : लुइजी दा पोर्तो ह्या विचेंझावासी सरदाराने लिहिलेली इटालियन कथा, मात्तेओ बांदेल्लोने १५५४ साली प्रसिद्ध केलेले तिचे विस्तारित रूप, आर्थर ब्रुक ह्या इंग्रज कवीच्या १५६२ मधील दीर्घकाव्यातील निवडक भागाचे गद्य रूपांतर, आणि अखेरीस शेक्सपिअरचे संपूर्ण नाटक. ही मांडणी करण्यामागे एक निश्चित हेतू आहे. आपल्याकडे ह्या दोघांची नावे इतकी रुळली आहेत की, कोणत्याही प्रेमवेड्या पोरास 'रोमिओ' म्हणून चिडवताना त्या नावामागे एक संपूर्ण नगर, तेथील कायदा, तेथील तट आणि तेथील रक्ताने माखलेले रस्ते उभे आहेत, ह्याचे कोणास स्मरण होत नाही. प्रेम तेवढे लक्षात राहिले आणि वैर विस्मृतीत गेले. वस्तुतः ही जितकी प्रेमाची तितकीच एका फसलेल्या तहाची कथा आहे. ज्या एका कृत्याने ते वैर कायमचे मिटू शकले असते ते कृत्य ह्या कथेत प्रत्यक्ष घडते, विधिपूर्वक घडते, परंतु ते चोरून घडते, आणि त्या चोरटेपणातूनच पुढील सारा अनर्थ ओढवतो. ह्या दृष्टीने हे चारही पाठ वाचावेत एवढीच माझी विनंती आहे, आणि ती का करावीशी वाटते हे सांगण्यासाठी पुढील मजकूर लिहीत आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकांतील उत्तर इटलीची नगरे ही नावाची स्वतंत्र असली, तरी त्यांच्या वेशीच्या आत खरा अंमल चाले तो घराण्यांचा. पोपच्या पक्षाचे ते ग्वेल्फ आणि सम्राटाच्या पक्षाचे ते गिबेलिन, अशी मोठी दुफळी तर होतीच. परंतु त्या दुफळीच्या आडोशाने गल्लीगल्लीतील जुने हेवेदावे आपापले हिशेब चुकते करून घेत. प्रतिष्ठित घराणी आपल्या वाड्यांवर उंच दगडी बुरूज चढवीत, ते केवळ वैभवाच्या प्रदर्शनासाठी नव्हे. शेजारच्या बुरुजावरून दगड आणि बाण येत म्हणून. सूड घेणे हा कित्येक ठिकाणी गुन्हा न समजता कुळाचा हक्क समजला जाई, आणि त्या हक्काची मर्यादा कोठवर, एवढेच काय ते नगराचे कायदे ठरवून देत. तथापि जेथे वैर इतके मुरलेले तेथे तह करण्याची विद्याही तितकीच मुरलेली होती, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. दोन पक्षांत समेट झाला म्हणजे तो नोटरीसमोर लेखी होई, साक्षीदार उभे राहत, भंग करणाऱ्यास जबर दंडाचे कलम घातले जाई, काल एकमेकांच्या रक्ताची तहानलेली माणसे सर्वांदेखत एकमेकांच्या मुखाचे चुंबन घेत, आणि समेट पक्का व्हावा म्हणून एका घरची मुलगी दुसऱ्या घरात देत. तहाची शेवटची मोहोर म्हणजे लग्न.

ही मोहोर फोडली म्हणजे काय होते, ह्याचे फ्लॉरेन्समधील उदाहरण इटलीत शतकानुशतके सांगितले गेले. एका मेजवानीत झालेल्या मारामारीनंतर बुओन्देल्मोन्ते ह्या तरुण सरदाराने आमिदेई कुळातील मुलीशी विवाह करावा, म्हणजे प्रकरण मिटेल, असे ठरले. त्याने ते वचन मोडून दोनाती कुळातील दुसऱ्याच मुलीशी सोयरीक जोडली. आणि १२१६ सालच्या ईस्टरच्या सकाळी तो पांढऱ्या घोड्यावरून जुन्या पुलाच्या टोकाशी आला असता आमिदेईंच्या पक्षकारांनी त्यास तेथेच ठार केले. फ्लॉरेन्समधील पुढील साऱ्या यादवीचे मूळ त्या नगराचे बखरकार ह्याच खुनात शोधीत. दान्तेने आपल्या महाकाव्यात ह्या घटनेची आठवण काढली आहे, आणि त्याच महाकाव्यातील शुद्धिलोकाच्या सहाव्या सर्गात, इटलीकडे पाठ फिरवणाऱ्या सम्राटाची निर्भर्त्सना करताना, त्याने आणखी दोन नावे जोडीने उच्चारली आहेत : मोंतेक्की आणि काप्पेल्लेत्ती.

मोंतेक्की म्हणजेच पुढे इंग्रजीत झालेले माँटेग्यू, आणि काप्पेल्लेत्ती म्हणजे कॅप्युलेट. पण दान्तेच्या काळी ही काही एकाच गल्लीत समोरासमोर राहणारी दोन कुटुंबे नव्हती. मोंतेक्की हे व्हेरोनाचे, आणि काप्पेल्लेत्ती हा क्रेमोना नगरातील एक तट होता. देशाची जी दुर्दशा झाली तिचे नमुने म्हणून कवीने ती नावे शेजारी ठेवली. कवितेतील ह्या शेजाराचे वाचकांच्या कल्पनेत हाडवैर झाले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस जिरोलामो देल्ला कोर्ते ह्या व्हेरोनाच्या इतिहासकाराने तर ही प्रेमकथा खरा वृत्तान्त म्हणून आपल्या इतिहासात दाखल करून तिला १३०३ हे सालही बहाल केले. आज व्हेरोनाच्या काप्पेल्लो मार्गावर जे 'ज्यूलिएटचे घर' दाखवतात, त्याचा प्रसिद्ध सज्जा विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे बसवलेला आहे, आणि जगभरातून ज्यूलिएटच्या नावाने येणाऱ्या पत्रांना त्या नगरातील स्वयंसेवक उत्तरे लिहितात. ह्या श्रद्धेची थट्टा करावी असे मला मुळीच वाटत नाही. पाच शतकांपूर्वी रचलेल्या एका मुलीस कोणी आपले दुःख लिहून कळवतो, ह्याचा अर्थ त्याच्या घरी ते ऐकून घेणारे कोणी नाही एवढाच असतो. आणि नेमकी हीच ज्यूलिएटचीही स्थिती होती.

ह्या कथेला व्हेरोना, ती दोन घराणी आणि ती दोन नावे देणारा लेखक म्हणजे लुइजी दा पोर्तो. त्याच्यापूर्वी मासुच्चो सालेर्नितानो ह्याने १४७६ मध्ये छापलेल्या आपल्या कथासंग्रहात सिएना नगरातील मारिओत्तो व जनोत्सा ह्यांची अशीच हकीकत सांगितली होती. तीत गुप्त विवाह आहे, हद्दपारी आहे, निद्रेचे औषध आहे आणि वाटेत अडलेला निरोपही आहे. नाही ते फक्त दोन कुळांचे वैर. वैर दा पोर्तोने घातले. त्याला ते कोठून सुचले, ह्याचे उत्तर त्याच्या चरित्रात शोधण्याचा मोह टाळणे कठीण आहे.

दा पोर्तो १४८५ साली जन्मला. त्याची आई फ्रिउली प्रांतातील साव्होर्न्यान ह्या बलाढ्य घराण्यातली. तरुणपणी तो व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या चाकरीत घोडदळाचा अधिकारी होता आणि त्याची नेमणूक फ्रिउलीतच झालेली होती. तेथे आंतोनिओ साव्होर्न्यानचा पक्ष आणि त्याच्या विरोधातील सरदारांचा पक्ष ह्यांच्यात वर्षानुवर्षे वितुष्ट होते, आणि १५११ च्या फेब्रुवारीत, कार्निव्हालच्या उत्सवात, उपासाचा पर्वकाळ लागण्यापूर्वीच्या गुरुवारी, उदिने शहरात त्याचा स्फोट झाला. मुखवट्यांचे आणि नाचगाण्यांचे ते दिवस. त्याच दिवसांत विरोधी सरदारांचे वाडे लुटले गेले, जाळले गेले, माणसे रस्त्यात तोडली गेली, आणि मग खेड्यापाड्यांतील रयतही सरदारांच्या गढ्यांवर चालून गेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एका चकमकीत दा पोर्तोच्या मानेवर असा घाव बसला की त्याचा देह अंशतः लुळा पडला आणि त्याचे लष्करी आयुष्य तेथेच संपले. पुढे विचेंझाजवळच्या मोंतोर्सो येथील आपल्या घरी बसून त्याने ही कथा लिहिली, आणि ती अर्पण केली लुचिना साव्होर्न्यान ह्या आपल्या नात्यातील स्त्रीस. लुचिनाचा विवाह १५१७ साली साव्होर्न्यान घराण्याच्याच दुसऱ्या शाखेतील फ्रांचेस्को ह्याच्याशी झालेला होता. दा पोर्तोचे ह्या लुचिनेवर पूर्वी प्रेम होते, आणि घराण्याच्या दुभंगलेल्या शाखा सांधण्यासाठी तिचे लग्न तसे लावण्यात आले, असा तर्क आधुनिक संशोधकांनी केला आहे. तो तर्क आहे, पुरावा नव्हे, हे मान्य करूनही मला असे वाटते की, तहासाठी लावलेली लग्ने आणि उत्सवात पेटलेले वाडे ह्या दोन्ही गोष्टी ज्याने इतक्या जवळून पाहिल्या, त्याच्या कथेत त्या दोन्ही यावयाच्याच होत्या. कथेच्या आरंभी तो सांगतो की, ग्रादिस्काहून उदिनेकडे जात असता त्याच्या तुकडीतील पेरेग्रिनो नावाच्या व्हेरोनाच्या एका धनुर्धराने त्यास ही हकीकत वाटेत ऐकवली. वाट फ्रिउलीची, आणि ऐकणारा विरहाने उदास झालेला.

दा पोर्तोची कथा छोटी आहे, पण तीत एक प्रसंग असा आहे की त्याची बरोबरी शेक्सपिअरसही करता आली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. काप्पेल्लेत्तींच्या घरी कार्निव्हालचा नाच चालला आहे. रात्र सरत आली असता शेवटचा मशालीचा नाच सुरू होतो, त्यात सर्वांनी एकमेकांचे हात धरून वर्तुळ करावयाचे असते. ज्यूलिएटच्या एका बाजूस मार्कुच्चो नावाचा एक तरुण येतो. जुलै असो की जानेवारी, त्याचे हात बर्फासारखे थंड असतात, अशी त्याची गावभर ख्याती आहे. दुसऱ्या बाजूस, वैऱ्याच्या घरी आपण आलो आहोत हे विसरून, रोमिओ येऊन उभा राहतो आणि तिचा डावा हात धरतो. तेव्हा ती मुलगीच, जिने आजवर परक्या पुरुषाशी शब्दही बोललेला नसेल अशी ती मुलगीच, प्रथम बोलते : तुम्ही आलात हे बरे झाले, निदान हा एक हात तरी उबदार राहील, तो दुसरा तर पार गारठला आहे. एवढेच. ना चंद्र, ना तारे, ना देवालय. प्रेमाचा आरंभ थंडीच्या रात्री गरम लागलेल्या तळहातापासून होतो. हा थंड हातांचा मार्कुच्चोच पुढे शेक्सपिअरच्या हातून तेजस्वी, वाचाळ मर्क्युशिओ होऊन अवतरला.

दा पोर्तोनंतर कथा ज्या हातांतून गेली त्यांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. बांदेल्लोने तिला मांस चढवले. १५५९ मध्ये प्येर बोआत्युओ ह्याने ती फ्रेंचमध्ये आणताना शेवट बदलला. ब्रुकने त्या फ्रेंच रूपावरून तीन हजारांहून अधिक ओळींचे इंग्रजी काव्य रचले, आणि लगेच दुसऱ्याच वर्षी तो समुद्रात बुडून मेला. ब्रुकविषयी एकच गोष्ट नमूद करतो. आपल्या काव्याच्या आरंभी वाचकांस उद्देशून लिहिलेल्या मजकुरात त्याने आईबापांची आज्ञा धुडकावणाऱ्या विषयासक्त प्रेमिकांस काय फळ मिळते ह्याचा धडा म्हणून ही कथा सांगितली आहे. परंतु प्रत्यक्ष काव्यात शिरल्यावर त्याचे मन त्या दोघांकडेच ओढ घेते आणि धडा मागे पडतो. त्याच्या मनाचा तो मोठेपणा समजतो मी.

शेक्सपिअरने साधारण १५९५ च्या सुमारास हे नाटक लिहिताना ब्रुकच्या कथेतील बहुतेक प्रसंग तसेच ठेवले, आणि काळ मात्र निर्दयपणे आवळला. ब्रुकच्या काव्यात महिनेच्या महिने चालणारा व्यवहार येथे रविवारच्या सकाळी सुरू होऊन गुरुवारच्या पहाटे संपतो. ज्यूलिएटचे वय त्याने सोळावरून चौदास टेकलेल्या तेरावर आणले. त्या काळच्या इंग्लंडात सामान्य घरच्या मुली पंचविशीच्या आसपास लग्न करीत, तेव्हा लंडनच्या प्रेक्षकांस हे वय आजच्या आपल्याइतकेच धक्कादायक वाटले असले पाहिजे. बाप प्रथम म्हणतो की मुलगी लहान आहे, दोन उन्हाळे जाऊ द्या. आणि तोच बाप दोन दिवसांत पॅरिसशी तिचे लग्न गुरुवारी ठरवतो, मग ते बुधवारवर ओढतो. एवढ्या घाईत विचार करण्यास कोणासही अवकाश उरत नाही, आणि वैर नेहमीच अवकाश खाऊन जगते.

आता ज्या तहाविषयी मी वर लिहिले त्याकडे वळतो. पहिल्याच प्रवेशात दोन्ही घरचे नोकर रस्त्यात भांडण उकरून काढतात. त्यांस ना घराण्याच्या इभ्रतीत वाटा, ना वाड्याच्या मालमत्तेत. मालकाचे वैर तेवढे त्यांच्या वाट्यास आलेले. भांडण वाढते, राजा येतो, पुन्हा शांतताभंग केल्यास देहान्त शासन होईल असे फर्मावतो, आणि मग काय करतो? कॅप्युलेटला तो आपल्याबरोबर घेऊन जातो आणि माँटेग्यूला दुपारी हजर राहण्याचा हुकूम करतो. दोघांस एका वेळी समोरासमोर बसवून त्यांच्याकडून तहनामा लिहून घेण्याचे त्याच्या मनातही येत नाही. दोघांकडून स्वतंत्रपणे मुचलका घेऊन तो मोकळा होतो. अखेरच्या प्रवेशात, प्रेते पुढ्यात पडलेली असता, आपण ह्या कलहाकडे डोळेझाक केली आणि त्याचे प्रायश्चित्त आपल्यासही मिळाले, अशी कबुली तो देतो. मर्क्युशिओ आणि पॅरिस हे दोघेही त्याचे आप्त होते.

मुचलका देऊन घरी परतलेला वृद्ध कॅप्युलेट काय म्हणतो तेही पाहण्यासारखे आहे. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी शांततेने राहावे ह्यात काही कठीण नाही, अशा अर्थाचे उद्गार तो काढतो. त्याच रात्री मेजवानीत माँटेग्यूचा मुलगा मुखवटा घालून आला आहे असे टिबल्टने रागाने सांगताच तो म्हातारा आपल्या बायकोच्या ह्या भाच्यास दरडावतो, आणि त्या मुलाचे शील चांगले असल्याची साऱ्या गावात वाखाणणी आहे असे सांगून त्याच्या अंगास हात लावू देत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. त्या मेजवानीचे निमंत्रण देण्यास निघालेल्या कॅप्युलेटच्या नोकरास लिहितावाचता येत नाही; तो रस्त्यात भेटलेल्या एका भल्या दिसणाऱ्या तरुणास यादी वाचून दाखवण्याची विनंती करतो, आणि तो तरुण नेमका रोमिओ असतो. यादीत कॅप्युलेटच्या भाचीचे नाव आहे, रोझलाइन. रोमिओ तिच्यासाठी झुरतो आहे हे त्याच्या मित्रांस ठाऊक आहे, आणि ती वैऱ्याच्या कुळातील आहे म्हणून त्यांच्यापैकी कोणीही त्यास अडवलेले नाही! ज्या वैरात यजमान पाहुण्याच्या शीलाची ग्वाही देतो आणि मित्र वैऱ्याच्या भाचीवरील प्रेम सहज मनावर घेतात, ते वैर आतून पोखरलेले होते. त्यास एक धक्का पुरला असता.

तो धक्का देण्याचे फ्रायर लॉरेन्स ह्या जोग्याच्या मनात आले, ह्याबद्दल त्यास दोष देता येत नाही. ह्या विवाहाने दोन घराण्यांचे वैर शुद्ध प्रेमात पालटेल, ह्याच आशेने तो लग्न लावण्यास तयार होतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे, इटलीच्या नगरांत हा उपाय शेकडो वेळा अमलात आलेला होता. त्याचा हेतू योग्य, उपाय योग्य, मुहूर्तही कदाचित योग्य. चूक एकच झाली, पण ती मुळावर घाव घालणारी होती. तहाचा विवाह चारचौघांदेखत व्हावा लागतो. त्याची शक्ती मंत्रात नसते, साक्षीदारांत असते. कॅप्युलेटला माहीत नसलेल्या जावयास कॅप्युलेटचे घराणे कसे वाचवणार? लग्न लागून तासभर झाला नाही तोच टिबल्ट रोमिओला द्वंद्वाचे आव्हान देतो, आणि रोमिओ त्यास सांगतो की तुझे नाव मला माझ्या नावाइतकेच प्रिय आहे, त्याचे कारण तुला पुढे कळेल. त्या क्षणी रोमिओच्या ओठांवर जे एक वाक्य आहे ते त्याने उच्चारले असते, तर तलवारी म्यान झाल्या असत्या असे नव्हे, पण निदान सर्वांस काय तुटत आहे ते दिसले असते. तो बोलत नाही. टिबल्टला ती भ्याडाची लबाडी वाटते, मर्क्युशिओला ती शरणागती वाटते, आणि दोन्ही घरांपैकी कोणाचाही नसलेला मर्क्युशिओ, सोडवणूक करणाऱ्या मित्राच्या हाताखालून आलेल्या पात्याने, दोन्ही घरांना शाप देत मरतो. मग रोमिओच्या हातून टिबल्ट मरतो, रोमिओला हद्दपार केले जाते व तो मँटुआस जातो, आणि तह करणारा विवाह हाच लपवण्याचा गुन्हा होऊन बसतो.

पुढची प्रत्येक पायरी ह्या लपवाछपवीतून आपोआप बांधली गेली आहे. मुलगी आधीच विवाहित आहे हे ठाऊक नसल्यामुळे बाप तिच्यावर कोसळतो, घराबाहेर काढण्याची धमकी देतो. जिला सारे ठाऊक आहे ती दाई, पहिला नवरा असून नसल्यासारखा, तेव्हा पॅरिसशी लग्न करून टाक, असा सल्ला देते, आणि त्या क्षणापासून तेरा वर्षांची ती पोर त्या भल्यामोठ्या वाड्यात संपूर्ण एकाकी होते. बेचाळीस तासांची मृत्युसदृश निद्रा, ती सांगणारे पत्र, आणि ते पत्र नेणारा जोगी साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जाणे, ह्यांस पुष्कळ टीकाकार योगायोग म्हणतात. लंडनची नाटकगृहे प्लेगमुळे १५९२ ते १५९४ ह्या काळात बहुतांशी बंद होती. बंद दरवाजे आणि त्यांवरील पहारे प्रेक्षकांनी नुकतेच पाहिलेले होते, तेव्हा त्यांस त्यात कृत्रिम असे काही वाटले नसावे. आणि साथ नसती तरी काय? ज्या दांपत्याचे सारे जीवित एका पत्रावर अवलंबून राहते, त्याच्या बाबतीत आज ना उद्या एखादे पत्र चुकावयाचेच. ग्रहताऱ्यांचा उल्लेख नाटकात वारंवार येतो. परंतु मला तरी ताऱ्यांपेक्षा ह्या मौनाचा अपराध अधिक वाटतो, आणि ते मौन पाळणे ज्या घरांनी मुलांस भाग पाडले त्यांचा सर्वांत अधिक.

मराठी वाचकास हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. वतनदारांच्या आपसांतील कलहाविषयी, बळ वाढताच शेजाऱ्याचे घेण्यास धजावणाऱ्या त्यांच्या वृत्तीविषयी रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त जो इशारा आहे, तो व्हेरोनाच्या राजाच्या उपयोगी पडला असता. निजामशाहीच्या दरबारातून सरदार मंडळी बाहेर पडत असता खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, आणि त्या गर्दीतून उद्भवलेल्या झुंजीत लखुजी जाधवरावांचा पुत्र दत्ताजी व भोसल्यांकडील संभाजी असे दोघेही पडले, ही हकीकत 'शिवभारता'त आलेली आहे. लखुजींची कन्या जिजाबाई ह्या शहाजीराजांच्या पत्नी. माहेर आणि सासर ह्यांच्यामध्ये असे रक्त सांडल्यावरही तो विवाह टिकला. दोन्ही घराण्यांनी उघडपणे जोडलेले नाते होते ते, त्याचे ओझे वाहण्यास दोन्हीकडची माणसे बांधलेली होती. ज्यूलिएटच्या बाजूने असे एकही माणूस बांधलेले नव्हते.

शेक्सपिअर मराठीत आला तो १८६७ मधील महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या 'ऑथेल्लो'पासून. आगरकरांचे 'विकारविलसित' आणि देवलांचा 'झुंझारराव' ही नावे तर सर्वांस परिचित आहेत. 'रोमिओ आणि ज्यूलिएट' प्रथम 'शशिकला आणि रत्नपाळ' ह्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वेष घालून आले. ते आणणारे नारायण बापूजी कानिटकर हे सुधारणेचे कट्टर विरोधक. 'तरुणीशिक्षणनाटिका' त्यांनीच लिहिली. ज्या काळात संमतिवय दहावरून बारावर नेण्याच्या १८९१ च्या कायद्यावरून महाराष्ट्र दुभंगणार होता, त्या काळात स्वतःचा नवरा स्वतः निवडणाऱ्या मुलीचे नाटक एका सनातनी लेखकाने आपलेसे केले, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. माणसाच्या मतांपेक्षा त्याचे अंतःकरण पुष्कळदा पुढे चालत असते, आणि ब्रुकच्या बाबतीत जे घडले तेच येथेही घडले असावे.

नाटकाच्या शेवटाविषयी थोडे सांगावयास हवे, कारण त्याच्याशी सर्वांत अधिक खेळ झाला आहे. दा पोर्तोच्या कथेत विष पोटात गेलेल्या रोमिओचे प्राण जाण्यापूर्वीच ज्यूलिएट जागी होते, दोघे बोलतात, आणि तो गेल्यावर ती आपला श्वास कोंडून प्राण सोडते. बोआत्युओने हे संभाषण काढून टाकले, म्हणून ते शेक्सपिअरमध्येही नाही. सतराव्या शतकात ऑट्वेने आणि १७४८ मध्ये गॅरिकने त्या थडग्यात दोघांना पुन्हा बोलते केले, आणि इंग्रजी रंगभूमीवर दीर्घकाळ तेच रूप चालले. इतकेच नव्हे, तर दोघांनाही जिवंत ठेवणारे एक सुखान्त रूपही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवले जाई, एक दिवस शोकान्त आणि एक दिवस सुखान्त. प्रेक्षकांची ही धडपड मला समजते. पण शेक्सपिअरने त्या दोघांना अखेरचा शब्द एकमेकांशी बोलू दिला नाही ह्यातच नाटकाची सुसंगती आहे. ज्यांना उघड बोलण्याची मुभा कधीच नव्हती, त्यांना मरतानाही ती मिळत नाही.

आणि मग दोन म्हातारे हात मिळवतात. माँटेग्यू म्हणतो, मी तुझ्या मुलीचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट म्हणतो, मीही तितकाच मोलवान रोमिओचा तिच्या शेजारी उभारीन. पुष्कळ प्रयोगांत हा प्रवेश कापून टाकतात, ते योग्य नव्हे. ज्या सोन्याने मँटुआतील दरिद्री औषधविक्याकडून विष विकत घेतले, त्या सोन्याच्या गोष्टी येथे पुन्हा निघतात, आणि तहाच्या बोलण्यातही तू इतके देतोस तर मी तितके देतो हा जुना स्वर लपत नाही. तह होतो, तो चारचौघांदेखत होतो, राजा साक्षीस असतो. चार दिवस आधी झाला असता तर पुतळ्यांची गरज पडली नसती.

ग्रंथाच्या मांडणीविषयी थोडेसे. नाटकाचे भाषांतर १५९९ च्या दुसऱ्या छापील प्रतीस अनुसरून आहे. १५९७ ची पहिली प्रत त्रोटक असली, तरी तीतील काही रंगसूचना इतक्या बोलक्या आहेत की त्या तळटीपांत घेतल्या आहेत. इटालियन पाठांत घराण्यांची नावे मोंतेक्की व काप्पेल्लेत्ती अशीच राखली आहेत. प्रेमिकांची मात्र सर्वत्र रूढ असलेलीच ठेवली आहेत. ब्रुकच्या काव्यातून त्याचा वाचकांस उद्देशून लिहिलेला मजकूर, नाचाची रात्र आणि अखेरचा भाग एवढेच घेतले आहे. वाचकांपैकी ज्यांस नाटक पूर्वीच परिचित आहे त्यांनी ते प्रथम न उघडता लुचिना साव्होर्न्यानला उद्देशून लिहिलेल्या दा पोर्तोच्या पत्रापासून आरंभ करावा. ते पत्र कथेच्या अगोदर, स्वतंत्र पानावर दिले आहे.